भीतीवरचा उतारा : कांदोळीच्या फारियाची शिकवण

ग्वाल्हेर येथे तानसेनाच्या समाधीपाशी चिंचेचे एक झाड आहे. त्याचा पाला चघळला म्हणजे गळा गोड होतो, अशी गवयांत पूर्वापार समजूत आहे. पाल्यात गळ्याचे औषध आहे की नाही, हा प्रश्न वैद्यांनी सोडवावा. परंतु बैठकीपूर्वी ज्याचे हातपाय गार पडतात, तोंडाला कोरड पडते आणि शेकडो वेळा घोटलेली चीज ऐन वेळी ओठांवर येत नाही, अशा नवख्या गायकाला तो पाला धीर देत असेल, तर तो धीर येतो कोठून? पाल्यातून, की पाला चघळणाऱ्याच्या मनातून? प्रश्न साधा दिसतो. परंतु भयगंडावरील संमोहनाच्या उपचाराचा सारा इतिहास त्यात सामावलेला आहे. आणि त्याचे योग्य उत्तर देणाऱ्या पहिल्या काही माणसांत एका गोमंतकीयाची गणना होते.

जुझे कुश्तोदियु फारिया ह्याचा जन्म 1756 साली बारदेशातील कांदोळी येथे झाला. आईवडिलांचे पटले नाही. दोघेही विभक्त होऊन वडील पाद्री झाले व आई जोगीण होऊन मठात राहिली. 1771 साली बापलेक लिस्बनला पोहोचले. पुढे मुलगा रोमला शिकला आणि 1780 साली त्याने पाद्रीची दीक्षा घेतली. पोर्तुगालच्या राणीच्या प्रार्थनामंदिरात प्रवचन करण्याचा मान त्याला मिळाला, त्या वेळची एक आख्यायिका गोव्यात आजही सांगितली जाते. समोर राणी आणि सरदार-दरकदारांचा थाट पाहताच तरुण फारियाची वाचा बसली. तेव्हा जवळच असलेले वडील हळूच कोंकणीत म्हणाले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ त्या चार शब्दांसरशी भीती पळाली आणि प्रवचन अस्खलित पार पडले. वडिलांनी पोराला ना औषध दिले, ना मंत्र घातला. समोरची सभाही तीच होती. पालटली ती केवळ तिच्याकडे पाहण्याची दृष्टी. एका शब्दाने मनाची अवस्था अशी कशी पालटते, ह्याचा शोध हेच फारियाचे पुढील जीवितकार्य ठरले.

त्या काळी युरोपात मेस्मर ह्या वैद्याचा बोलबाला होता. विश्वात एक सूक्ष्म चुंबकीय द्रव भरलेला आहे, तो शरीरात अडला की रोग होतो आणि आपल्या हस्तस्पर्शाने तो पुन्हा वाहू लागतो, असे मेस्मर सांगे. 1784 साली फ्रान्सच्या राजाने ह्या दाव्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि अमेरिकेचे बेंजामिन फ्रँक्लिन तिचे सभासद होते. एका बागेतील एकच झाड ‘चुंबकित’ करून डोळे बांधलेल्या एका मुलाला निरनिराळ्या झाडांपाशी नेण्यात आले. मुलगा बेशुद्ध पडला, पण भलत्याच झाडापाशी! चुंबकीय द्रवाला पुरावा नाही, हा सारा कल्पनेचा खेळ आहे, असा निर्वाळा समितीने दिला आणि प्रकरण मिटले. परंतु केवळ कल्पनेने धडधाकट मुलगा बेशुद्ध पडत असेल, तर ती कल्पनाच अभ्यासाचा विषय नव्हे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

हा प्रश्न फारियाने हाती घेतला. 1813 साली पॅरिस येथे त्याने जाहीर व्याख्याने व प्रयोग सुरू केले. त्याची रीत अगदी साधी असे. समोरच्या माणसाला खुर्चीवर स्वस्थ बसवावे, डोळे मिटून चित्त एकाग्र करावयास सांगावे आणि मग निश्चयी स्वरात ‘झोपा’ अशी आज्ञा करावी. कोणी झोपत, कोणी झोपत नसत. ह्यावरून फारियाने असा सिद्धांत मांडला की, ही निद्रा प्रयोगकर्त्याच्या अंगच्या शक्तीने येत नाही. तिचे कारण प्रयोग करून घेणाऱ्याच्या चित्तातच असते. प्रयोगकर्ता केवळ निमित्त होय. हे सांगणे कोणालाच रुचले नाही. चुंबकवाद्यांना त्यात आपल्या शक्तीचा उपमर्द दिसला, धर्माधिकाऱ्यांना सैतानाची करणी दिसली, आणि रंगभूमीने 1816 साली त्याची टर उडविणारे प्रहसन सादर केले. 1819 साली आपला ग्रंथ प्रसिद्ध होण्याच्या सुमारास फारिया पॅरिस येथे निवर्तला. त्याची सारीच मते टिकली नाहीत. रक्त पातळ असणाऱ्यांस ही निद्रा लवकर लागते, ही त्याची समजूत चुकीची होती. परंतु मूळ सिद्धांत टिकला.

पुढील शतकात त्याला अनेकांचा दुजोरा मिळाला. 1843 साली मँचेस्टरचे शल्यवैद्य जेम्स ब्रेड ह्यांनी ह्या अवस्थेला आज रूढ असलेले पाश्चात्त्य नाव आपल्या ग्रंथाने मिळवून दिले. 1845 साली बंगालमधील हुगळी येथे डॉ. जेम्स एस्डेल रोग्यांना ह्याच अवस्थेत नेऊन शस्त्रक्रिया करू लागले. क्लोरोफॉर्म प्रचारात येण्यापूर्वी शस्त्राच्या भयावर व वेदनेवर हाच एक आधार अनेक रोग्यांना मिळाला. फ्रान्समधील नान्सी येथे लिएबो आणि बर्नहाइम ह्यांनी ‘सूचना’ हेच संमोहनाचे मर्म होय असे प्रतिपादन केले, आणि फारियाचे ऋण बर्नहाइम ह्यांनी मान्य केले.

भयगंडाच्या उपचारात ह्या विद्येचा उपयोग काय, हे समजण्यासाठी भयगंडाचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. साप दिसताच मागे सरणे हे शहाणपण होय. परंतु सापाचे चित्र पाहून घाम फुटणे, लिफ्टच्या भयाने सात मजले चढणे, चार लोकांत बोलावे लागेल म्हणून नोकरी सोडणे, हा भयगंड होय. भिणारा भयस्थान टाळतो, टाळल्याने तत्काळ सुटका होते, आणि त्या सुटकेनेच भीती पक्की होते. हे चक्र तोडण्यासाठी जोसेफ वोल्पे ह्यांनी 1958 साली आपल्या ग्रंथात एक पद्धती मांडली. भयप्रसंगांची सर्वांत सौम्य ते सर्वांत तीव्र अशी उतरंड रचावयाची, शरीर पूर्ण शिथिल करावयाचे आणि त्या स्थितीत एकेक पायरी मनाने चढावयाची. हे शैथिल्य साधण्यासाठी वोल्पे संमोहनाचीही मदत घेत.

आजचे मत असे की, भयगंडावर मुख्य उपचार म्हणजे भयस्थानाला क्रमाक्रमाने प्रत्यक्ष सामोरे जाणे. संमोहन हा त्याचा सहायक होय, पर्याय नव्हे. संमोहित मनुष्य झोपलेला नसतो; त्याचे अवधान एकवटलेले असते आणि सूचना तो सहज स्वीकारतो. ही क्षमता सर्वांत सारखी नसते. संमोहनात ‘आठवलेल्या’ गोष्टी खऱ्याच असतील असेही नाही. म्हणून हा उपचार प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाकडूनच घ्यावा. एका बैठकीत भीती समूळ घालविण्याचे वचन देणारा आणि स्वतःच्या दिव्य शक्तीचा डंका पिटणारा मनुष्य मेस्मरचाच वारस समजावा. त्याच्या हाती पैसा तर जातोच; पण आपली भीती दुसऱ्याच्याच हुकमाने जाते हा समज पक्का झाला, म्हणजे रोगी पूर्वीपेक्षा अधिक परावलंबी होतो.

ग्वाल्हेरीत 1935 पासून मानसिक आरोग्यशाळा आहे व 1946 पासून गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही ‘एवढ्याशा भीतीसाठी वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला?’ ह्या लाजेने कित्येक माणसे जन्मभर कुढत राहतात. हा केवळ ग्वाल्हेरचा नव्हे, साऱ्या देशाचा अनुभव आहे. ज्वराची लाज नाही, तर भयाची का असावी?

ह्याच नगरीच्या गायकीने ह्या प्रश्नाचे अर्धे उत्तर केव्हाच दिले आहे. वासुदेवबुवा जोशी ह्यांच्यापाशी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी जी विद्या घेतली आणि जी पुढे महाराष्ट्रात रुजली, ती तालमीने सिद्ध होणारी होती. शिष्य आधी गुरूपुढे गातो, मग चार जाणकारांत, मग मैफलीत. सभाधीटपणा असा पायरीपायरीने अंगी येतो. चिंचेचा पाला जरूर चघळावा. वडिलांचे चार शब्द, वैद्याची सूचना, समाधीपाशीचा पाला, ही सारी निमित्ते होत. सभेपुढे पहिला षड्ज मात्र ज्याचा त्यालाच लावावा लागतो.