ठेंगण्यांचं शस्त्र : ड्रिबलची कुळकथा

बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून 10 फूट उंच असते. ही उंची कुणी गणित मांडून ठरवलेली नाही. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ यांनी पीचच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या गॅलरीला ठोकल्या. गॅलरीचा कठडा 10 फुटांवर होता, म्हणून टोपल्याही 10 फुटांवर आल्या. एका इमारतीच्या बांधणीतून उंच माणसांना अशी कायमची देणगी मिळाली. आज कॉलेजच्या संघात 7 फुटी सेंटर हात वर करून उभा राहतो तेव्हा त्याची बोटं रिंगच्या जवळपास पोहोचतात, आणि समोरच्या पावणेसहा फुटी गार्डला वाटतं की आपल्याला इथे काम काय?

त्या गार्डचं काम टोपल्या ठोकल्या त्याच वेळी लिहिल्या गेलेल्या 13 नियमांमधून निघालं. तिसरा नियम सांगत होता की चेंडू हातात घेऊन पळायचं नाही. जिथे झेलला तिथूनच फेकायचा. नेस्मिथ यांना रग्बीसारखी झोंबाझोंबी टाळायची होती, त्यापलीकडे या नियमामागे काही डाव नव्हता. ड्रिबल, म्हणजे चेंडूला टप्पे देत पुढे जाणं, त्या 13 नियमांत कुठेच नाही. नेस्मिथ यांनी ते योजलं नव्हतं. खेळाडूंनी ते अडचणीतून शोधून काढलं.

अडचण अशी होती. चेंडू हातात आहे, चारी बाजूंनी माणसं अंगावर येताहेत, साथीदार मोकळा नाही आणि पाऊल उचलता येत नाही. मग खेळाडू चेंडू मुद्दाम हातातून सोडून द्यायचा. घरंगळवायचा, नाहीतर जमिनीवर आपटायचा, आणि धावत जाऊन पुन्हा पकडायचा. चेंडू हातात नसताना धावायला कुणाची मनाई नव्हती. काही जण तो डोक्यावर उडवत, तळव्याने टोलवत पळायचे. हवेतला हा ड्रिबल टिकला असता तर तोही उंचांचाच झाला असता. टिकला तो जमिनीवरचा, आणि माझ्या मते या खेळाच्या इतिहासातली ठेंगण्यांच्या बाजूने घडलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे.

हवेतला चेंडू उंचाचा असतो, त्यावर वाद नाही. पण टप्पा पडणाऱ्या चेंडूला दर वेळी जमिनीपर्यंत जाऊन परत यावं लागतं, आणि तेवढा वेळ तो कुणाच्याच हातात नसतो. ज्याचा तळवा जमिनीपासून लांब, त्याचा चेंडू जास्त वेळ उघडा. ठेंगणा गुडघे वाकवून गुडघ्याच्या खाली टप्पे देऊ लागला की हा उघडा वेळ इतका थोडा उरतो की 7 फुटी माणसाला तिथवर हात न्यायचा तर कमरेतून वाकावं लागतं. वाकला की त्याचा तोल पुढे जातो, आणि तोल गेला की गार्ड शेजारून निसटतो. उंच माणसाचं सगळं भांडवल वरच्या दोन-तीन फुटांत असतं, खालच्या दोन फुटांत ते चालत नाही.

तरीही या युक्तीला खेळात मानाची जागा मिळायला वेळ लागला. 1897 च्या सुमारास येल विद्यापीठाच्या संघाने ड्रिबलचा हल्ल्यासाठी पद्धतशीर वापर केला, म्हणून संघाचं तंत्र या नात्याने त्याचा जन्म येलच्या नावावर मांडतात. तेव्हाचा चेंडू चामड्याचा, वादीने शिवलेला. टप्पा शिवणीवर पडला तर चेंडू भलतीकडे उडायचा. अशा चेंडूवर नजर न ठेवता धावणं जवळपास अशक्य होतं, आणि मान खाली घालून धावणारा गार्ड संघाला काय उपयोगाचा? पुढे वादी आत दडली, 1940 च्या दशकात साच्यात घडवलेले गोल चेंडू आले, आणि टप्पा भरवशाचा झाला. गार्डला मान वर करता आली ती तेव्हा. ड्रिबलच्या इतिहासात खेळाडूंची नावं घेतली जातात. चेंडू घडवणाऱ्या कारागिरांचं ऋण कुणी फारसं बोलून दाखवत नाही.

नियम करणाऱ्यांना मात्र ही युक्ती सुरुवातीपासून खुपत होती. 1901 मध्ये कॉलेजच्या नियमावलीत असं आलं की ड्रिबल करणाऱ्याने स्वतः बास्केट करायचाच नाही. चेंडू नेऊन दुसऱ्याच्या हाती द्यायचा, म्हणजे निव्वळ हमाली. ही बंदी 1908 मध्ये उठली, आणि टप्पा एकदा थांबवला की पुन्हा सुरू करायचा नाही हा आजचा नियमही त्याच सुमारास पक्का झाला. खरा जीवघेणा प्रसंग आला 1927 मध्ये. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्रशिक्षक वॉल्टर मीनवेल आखूड, नेमक्या पासेसचा खेळ खेळवायचे. चेंडू एकाच्या हातात रेंगाळला की खेळ मरतो, असं त्यांचं मत. त्यांच्या पुढाकाराने नियम समितीने ठरवलं की यापुढे टप्पा एकच. एक टप्पा द्या, मग पास करा किंवा बास्केटकडे फेका.

कॅन्सस विद्यापीठाचे फॉग ॲलन याविरुद्ध उभे राहिले. ॲलन हे खुद्द नेस्मिथ यांचे शिष्य. त्यांनी देशभरच्या प्रशिक्षकांना एकत्र केलं, विरोध नोंदवला, आणि निर्णय मागे घ्यायला लावला. अमेरिकेतल्या बास्केटबॉल प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना याच भांडणातून 1927 मध्ये जन्मली. मीनवेल यांचा सांघिक खेळाचा आग्रह मला समजतो. पण ती बंदी टिकली असती तर या खेळात 6 फुटांच्या आतल्या माणसाला उभं राहायला जागा उरली नसती, असं मला ठामपणे वाटतं.

दहा वर्षांनी आणखी एक बदल झाला, आणि कुळकथेत त्याला जागा द्यायलाच हवी. तोवर प्रत्येक बास्केटनंतर मैदानाच्या मध्यावर दोघांमध्ये चेंडू वर उडवत आणि खेळ पुन्हा सुरू करत. ज्याच्याकडे उंच सेंटर, त्याच्याकडे दर वेळी चेंडू. 1937-38 च्या हंगामापासून हे बंद झालं. बास्केट झाला की चेंडू समोरच्या संघाला मिळू लागला आणि तो मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यायचं काम रोजचं झालं. हे काम करणारा माणूस संघाला लागतोच, आणि तो बहुधा संघातला सर्वांत ठेंगणा असतो.

आता माणसांकडे येतो. मार्कस हेन्स ओक्लाहोमातल्या सँड स्प्रिंग्जचा, उंची 6 फूट. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी असलेल्या लँगस्टन कॉलेजात तो शिकला. सदर्न युनिव्हर्सिटीविरुद्धच्या एका सामन्यात त्याने अखेरचा वेळ एकट्याने टप्पे देत काढला. समोरच्या संघाला चेंडूला हात लावता आला नाही. त्याचे स्वतःचे प्रशिक्षकच यावर खूश नव्हते, कारण त्यांना तो प्रकार चेष्टेचा वाटला. 1946 मध्ये लँगस्टनच्या मुलांनी हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या व्यावसायिक संघाला 74-70 असं हरवलं, आणि ग्लोबट्रॉटर्सनी हेन्सला आपल्याकडे घेतलं. पुढे जगाने त्याला पाहिलं ते गुडघ्यावर बसून, मग कुशीवर आडवं होऊन, जमिनीपासून जेमतेम काही इंचांवर चेंडू नाचवताना. लोक त्याला करमणूक म्हणत. मला त्यात एका सिद्धान्ताची मांडणी दिसते : चेंडू जितका खाली, तितका तो माझा. मोठ्या गोऱ्या विद्यापीठांची दारं बंद असल्यामुळे हे तंत्र कॉलेजच्या मुख्य स्पर्धांमध्ये हेन्सच्या हातून पोहोचलं नाही, याची हळहळ वाटते.

तिथे ते पोहोचलं त्यात बॉब डेव्हिस आणि बॉब कूझी या दोघांचा वाटा मोठा. डेव्हिस 1940 च्या आसपास सीटन हॉलकडून खेळताना पाठीमागून ड्रिबल करत असे. कूझीचं नाव जास्त गाजलं ते एका प्रसंगामुळे. 1949 मध्ये बॉस्टन गार्डनमध्ये होली क्रॉस आणि शिकागोचं लॉयोला यांचा सामना बरोबरीत, वेळ संपत आलेली. होली क्रॉसकडून खेळणाऱ्या 6 फूट 1 इंचाच्या कूझीला अडवणारा खेळाडू त्याच्या उजव्या हाताला चिकटून होता. कूझीने चेंडू पाठीमागून टप्पा देत डाव्या हातात घेतला आणि डाव्या हातानेच बास्केट केला. सामना जिंकला. अशी चाल आधी कधी घोटली नव्हती, असं तो पुढे सांगे. ते खरं असेलही; पण लहानपणी उजवा हात मोडला तेव्हा त्याने डाव्या हाताने खेळायचा सराव केला होता, आणि त्या रात्री कामाला आला तो हाच डावा हात.

याच काळात उंचांना आवरायचे नियमही येत होते. डीपॉलचा 6 फूट 10 इंचाचा जॉर्ज मायकन आणि ओक्लाहोमा ए अँड एमचा 7 फुटी बॉब कर्लंड रिंगच्या तोंडाशी आलेले चेंडू हाताने परतवायचे. 1944 मध्ये ते बंद केलं. हल्ला करणाऱ्याला जिथे रेंगाळता येत नाही तो रिंगखालचा पट्टा 1956 मध्ये 6 फुटांवरून 12 फूट रुंद केला. पुढच्याच वर्षी, 1957 च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, नॉर्थ कॅरोलिनाचे प्रशिक्षक फ्रँक मॅग्वायर यांनी सुरुवातीच्या उडीसाठी कॅन्ससच्या विल्ट चेंबरलेनसमोर टॉमी कर्न्सला पाठवलं. चेंबरलेन 7 फुटांच्या वर, कर्न्स 5 फूट 11 इंच. उडी हरणार हे ठरलेलंच होतं, आणि मॅग्वायर यांना ती जिंकायचीही नव्हती. त्यांना चेंबरलेनच्या मनात चलबिचल हवी होती. तीन जादा डावांनंतर कॅरोलिना 54-53 ने जिंकलं. शेवटच्या क्षणी चेंडू कर्न्सच्याच हाती आला. त्याने तो छताकडे जमेल तितका उंच भिरकावला, आणि चेंडू खाली येईपर्यंत वेळ संपली.

पुढची मोठी पायरीही कॅरोलिनातलीच. डरहममधल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या कॉलेजात प्रशिक्षक असलेल्या जॉन मॅकलेंडन यांनी खेळाडूंना कोपऱ्यांत पसरवण्याची मांडणी वापरली होती. मॅकलेंडनही कॅन्ससमध्ये नेस्मिथ यांच्या हाताखाली शिकलेले. 1960 च्या दशकात डीन स्मिथ यांनी नॉर्थ कॅरोलिनात अशी मांडणी नावारूपाला आणली. तिचं नाव ‘फोर कॉर्नर्स’. चौघे अर्ध्या मैदानाच्या चार कोपऱ्यांना, मधोमध एकटा गार्ड. उंच बचावपटूला आपला माणूस धरायला रिंग सोडून कोपऱ्यात जावं लागतं, आणि मध्ये मोकळं अंगण उरतं. 1974 ते 78 या काळात 6 फूट 2 इंचाचा फिल फोर्ड त्या अंगणात टप्पे देत राहायचा. अडवायला एक आला तर निसटायचा, दोन आले तर कोपऱ्यातल्याला पास द्यायचा. यात एका ठेंगण्या माणसाची सत्ता इतकी वाढली की कॉलेजच्या खेळाला घड्याळ लावावं लागलं. 1982 मध्ये कॅरोलिना आणि व्हर्जिनिया यांच्यातला सामना 47-45 असा संथ संपला, लोक वैतागले, आणि 1985-86 पासून 45 सेकंदांत फेक करणं सक्तीचं झालं. उंचांना आवरायला नियम झाले होतेच; हा नियम ड्रिबल करणाऱ्याला आवरायला झाला.

घड्याळ आल्यावर वेळ काढणारा ड्रिबल मागे पडला आणि फसवणारा ड्रिबल पुढे आला. क्रॉसओव्हरचं तत्त्व सोपं : एका हाताने टप्पा देत त्या बाजूला निघाल्याचं दाखवायचं, बचावपटूचं वजन तिकडच्या पायावर गेलं की चेंडू समोरून झपकन दुसऱ्या हातात घ्यायचा. वजन पडलेला पाय लगेच उचलता येत नाही, आणि शरीर जितकं उंच आणि जड, तितका तो उशिरा उचलला जातो. सिरॅक्यूजचा पर्ल वॉशिंग्टन 1983 ते 86 या काळात हे करत होता. त्याला पाहून टेक्सासातल्या एल पासोचा 6 फुटी टिम हार्डवे शिकला. जॉर्जटाउनच्या ॲलन आयव्हर्सनने आपला क्रॉसओव्हर सरावात एका साध्या, शिष्यवृत्तीविना संघात आलेल्या सहकाऱ्याकडून उचलला, आणि ते त्याने मोकळेपणाने सांगितलंही आहे. या कुळात वारसा असाच फिरतो. ज्याच्या नावाने चाल ओळखली जाते त्याच्या मागे बहुतेकदा आणखी कुणीतरी उभा असतो.

वेक फॉरेस्टच्या मग्सी बोग्सची उंची 5 फूट 3 इंच. त्याने हेच तत्त्व उलटं वापरलं. ठेंगणा आपला चेंडू खाली सुरक्षित ठेवतो, तर उंचाचा चेंडू खाली आला की तो ठेंगण्याच्या हद्दीत येतो. मोठा सेंटर रिबाउंड घेऊन चेंडू कमरेपर्यंत आणायचा आणि बोग्सचा हात तिथे आधीच असायचा. ईस्टर्न मिशिगनचा अर्ल बॉयकिन्स 5 फूट 5 इंचांचा. त्याच्या संघाने 1996 च्या राष्ट्रीय स्पर्धेत ड्यूकला 75-60 ने घरी पाठवलं.

आजच्या बचावात खेळाडू आपापली अडवायची माणसं सर्रास एकमेकांत बदलतात, त्यामुळे गार्डसमोर सेंटर उभा राहण्याचे प्रसंग उलट वाढले आहेत. मार्च 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, बिग ईस्ट या कॉलेज-गटाच्या स्पर्धेत, कनेक्टिकटच्या केम्बा वॉकरसमोर असाच पिट्सबर्गचा गॅरी मॅगी आला. केम्बा 6 फूट 1, मॅगी 6 फूट 10. बरोबरी, शेवटचे क्षण. केम्बाने दोन-चार टप्पे देत त्याला मागे रेटलं, आत घुसण्याचा झटका दिला आणि त्याच टप्प्यावरून स्वतः मागे उडी घेतली. मॅगी कोलमडला. चेंडू रिंगमधून गेला तेव्हा तो अजून सावरत होता. कनेक्टिकटने सलग पाच दिवसांत पाच सामने जिंकून ती स्पर्धा घेतली, आणि एप्रिलमध्ये बटलरला 53-41 असं हरवून राष्ट्रीय विजेतेपदही घेतलं.