गोदीत रुजलेला शिंपला

आपल्या किनाऱ्यावर शिंपल्यांना नावांची वाण नाही. तिसऱ्या, कालवं, शिनाणे, खुबे. प्रत्येकाची जागा ठरलेली, कालवणही ठरलेलं. मुंबईच्या गोदीत रुजलेल्या एका शिंपल्याचं मराठी नाव मात्र माझ्या कानावर कधी आलेलं नाही. तो कुणाच्या ताटात येत नाही, बाजारातही येत नाही. शास्त्रज्ञ त्याला मायटिलॉप्सिस सालेई म्हणतात. लांबी जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर, रंग मळकट, आणि कोवळ्या वयात कवचावर काळसर पट्टे.

रेक्लूझ या फ्रेंच अभ्यासकाने १८४९ मध्ये त्याची नोंद केली. मूळ घर कॅरिबियन समुद्र आणि मेक्सिकोच्या आखाताचा परिसर. तिथल्या खाड्यांत नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी सतत झटापट करतं. अशा ठिकाणी जगायचं तर दोन्ही सोसायची तयारी लागते आणि ती या शिंपल्यात पुरेपूर आहे. जवळजवळ गोड्या पाण्यापासून समुद्राहून खारट पाण्यापर्यंत तो कुठेही तग धरतो. एका महिन्याच्या आसपास वयात येतो, हजारोंनी अंडी पाण्यात सोडतो. अळ्या थोडाच काळ तरंगतात आणि मग चिवट धाग्यांनी लाकूड, लोखंड, दोर, काँक्रीट, जे मिळेल त्याला चिकटतात. त्यांच्यावर पुढची पिढी, तिच्यावर त्याच्या पुढची, असे थर चढत जातात.

महासागर ओलांडणं मात्र त्याच्या आवाक्यात नव्हतं. अळी थोडे दिवस तरंगून काही हजार मैल जाणार नाही. ते काम जहाजांनी केलं. पनामा कालवा १९१४ मध्ये खुला झाला आणि अटलांटिक व प्रशांत यांच्यात बोटींची ये-जा रोजची झाली. बोटीच्या तळाला चिकटून किंवा तोल सांभाळण्यासाठी टाक्यांत भरलेल्या पाण्यातून हे जीव बंदरामागून बंदर गाठत गेले.

भारतात तो १९६७ मध्ये विशाखापट्टणम बंदरात दिसला. गणपती, राव आणि व्हर्गीस यांनी १९७१ मध्ये त्याची माहिती छापली. तेव्हा तो काँजेरिया सालेई या नावाने ओळखला जाई. १९७५ मध्ये करंदे आणि मेनन यांनी मुंबईचाही उल्लेख करत त्याला भारतीय बंदरांतला नवा स्थलांतरित म्हटलं. करंदे मुंबईच्या नौदल प्रयोगशाळेत जहाजांना चिकटणाऱ्या जीवांचाच अभ्यास करत. बंदराच्या आतल्या कोंडलेल्या, सांडपाण्याने गढूळ झालेल्या पाण्यात स्थानिक जीव आधीच विरळ झालेले होते. या पाहुण्याला जागा आपणच मोकळी करून दिली होती, असं मला वाटतं. विशाखापट्टणममध्ये पुढे एका चौरस मीटरवर शंभर किलोपर्यंत त्याचा थर चढल्याची नोंद आहे. एवढं ओझं तळाशी घेऊन बोट किती इंधन जाळेल, याचा विचार करा.

जपान, तैवान, हाँगकाँग या ठिकाणी तो १९७० ते १९८०च्या दरम्यान पोचला. थायलंडमधले शिंपले मात्र पनामाच्या प्रशांत किनाऱ्यावरच्या दुसऱ्याच जुळ्या जातीचे आहेत, असं काही अभ्यासक म्हणतात. आशियातल्या या वंशावळीचा वाद अजून मिटलेला नाही.

याला हरवल्याचं ठळक उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या डार्विनचं. मार्च १९९९ मध्ये तिथल्या कलन बे या नौकातळावर पाणबुड्यांना चौरस मीटरला वीस हजारांहून अधिक शिंपले आढळले. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत एकही नव्हता. डार्विनला भरती-ओहोटीतला फरक इतका मोठा, की नौकातळांना पाणी अडवणारे दरवाजे असतात. ते बंद केले, आणखी दोन नौकातळही बंद केले. आत टनावारी क्लोरीन आणि मोरचूद ओतलं. बाहेर पडलेल्या बोटी शोधून तपासल्या. महिन्याभरात शिंपला नाहीसा झाला, पण त्या पाण्यातलं बाकी सगळंही मेलं. खर्च वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेला. किंमत मोठी होती, तरी ती वेळेवर मोजली म्हणून उपयोगी पडली. आपल्याकडे ती वेळ निघून गेली.

जहाजांच्या टाक्यांतल्या पाण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला, तो लागू व्हायला सप्टेंबर २०१७ उजाडला. त्याआधी जगातली सहा बंदरं पथदर्शी प्रकल्पासाठी निवडली होती, त्यांत मुंबई होती. दरम्यान, अमेरिका खंडातलाच दुसरा एक शिंपला, मायटेला स्ट्रिगाटा, केरळच्या अष्टमुडी आणि वेंबनाड या कायलांत, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या सरोवरांत, पसरला. अष्टमुडीच्या तिसऱ्यांना २०१४ मध्ये शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं, भारतातलं पहिलं. आज त्याच कायलात हा परका शिंपला तळ व्यापतो आहे. चेन्नईजवळच्या एन्नोरमध्येही तो चिखलावर सतरंजीसारखा पसरला, कोळंबी मिळेना, आणि कोळ्यांची तक्रार हरित लवादापर्यंत गेली. तिथले मच्छीमार त्याला काका आळी म्हणतात. नाव पडलंय, म्हणजे तो आता घरचाच झाला.

तेव्हा एक विनंती. जेट्टीच्या खांबावर, जाळ्याच्या दोरावर किंवा होडीच्या तळाला अनोळखी शिंपल्यांचा घोस दिसला, तर तो खरवडून पुन्हा पाण्यात टाकू नका. फोटो काढा, जागा आणि तारीख लिहून ठेवा, आणि जवळच्या मत्स्यव्यवसाय खात्याला किंवा रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाला कळवा.