पाटीत चिलापीचा ढीग आहे, मग घोगरा कुठं गेला?

परवा बाजारच्या दिवशी करमाळ्यात मासे घ्यायला थांबलो. पाटीत सगळी चिलापीच. सहज विचारलं, "मामा, दुसरं काही नाही का?" मामा म्हणाले, "दुसरं आता जाळ्यात येतंय कुठं? हीच घ्या, ताजी हाय." मामा भोई समाजातले, उजनीच्या बॅकवॉटरकडेच्या गावचे. धरणाच्या आधीची भीमा त्यांच्या वडलांनी पाहिलेली. वडलांच्या तोंडची नावं त्यांनी बोटांवर मोजली : मरळ, शिंगाडा, वांब, घोगरा...

घोगरा म्हटल्यावर मी थबकलो. कारण हे नाव जगाच्या विज्ञानात नोंदलेलं आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात विल्यम हेन्री सायक्स नावाचा अधिकारी होता. दख्खनची आकडेवारी गोळा करणं हे त्याचं सरकारी काम. ते करता करता त्याने इथले मासेही गोळा केले आणि 1839 साली त्यांची वर्णनं लंडनमध्ये प्रसिद्ध केली. गंमत अशी, की शास्त्रीय नावं देताना त्याने इथल्या लोकांचेच शब्द उचलले. घोगऱ्याचं शास्त्रीय नाव आजही 'रिटा गोगरा' असंच आहे. 'खुद्री' नावाचा महाशीर त्याला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला. नाकाडावर उंचवटा असलेला 'नुक्ता', म्हणजे आपला नकटा, चाकणजवळच्या इंद्रायणीत मिळाला.

चाकण आणि मुळा-मुठा ही नावं आज कुठल्या बातम्यांत येतात, ते वेगळं सांगायला नको. आळंदीत इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलाय. नकटा आज जगातल्या धोक्यात आलेल्या माशांच्या यादीत आहे.

कुणी म्हणेल, पुण्याच्या नद्यांचं करमाळ्याला काय? तर पाण्याचा रस्ता बघा. पवना मुळेला मिळते, मुळा मुठेला. मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेत येते, इंद्रायणी त्याआधी तुळापूरला. भीमा दौंडवरून उजनीत येते. तिथून पुढे पंढरपूर, तिथे तीच चंद्रभागा. म्हणजे देहू-आळंदीचं पाणीही दरवर्षी वारी करतं, आणि मुक्कामाला आपल्या दारात थांबतं.

आता इतिहासातल्या तीन तारखा शेजारी ठेवा. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 पासूनच होती, मग पिंपरी-चिंचवड वाढलं, पुढे चाकण, रांजणगाव, कुरकुंभ. 1966 साली यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते उजनीची पायाभरणी झाली, 1980 ला धरण पूर्ण झालं. आणि 1969 साली महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा केला, केंद्राच्या 1974 च्या कायद्याच्याही आधी! म्हणजे वर कारखाने, खाली धरण आणि मध्ये कायदा, हे सगळं एकाच दशकात ठरलं. कागदावर काहीच कमी नव्हतं. पण वरून सुटणारं पाणी खाली अडवलं जाणार आहे, ही साधी गोष्ट या तीन फायलींनी एकमेकींना कधी सांगितली असं दिसत नाही.

आणि उजनी अडवते तरी किती? एकूण साठा 117 टीएमसी. त्यातला जवळपास 64 टीएमसी मृतसाठा. "उजनी प्लसमध्ये आली" म्हणून आपण पेढे वाटतो, पण निम्म्याहून जास्त पाणी मायनसच्या रेषेखाली असतं. जड धातू गाळाला चिकटतात, आणि गाळ इथेच बसतो.

माशाचं काय होतं? मैलापाणी आणि सांडपाणी कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं. अमोनिया कल्ल्यांना इजा करतो. धातू यकृतात, मूत्रपिंडात साठत जातात. मोठा मासा तग धरतोही, पण अंडी आणि नुकतं फुटलेलं पिल्लू टिकत नाही. त्यामुळे मासे तरंगून वर आले तरच बातमी होते. जे जन्मालाच आले नाहीत त्यांची बातमी कोण करणार? चिलापी मात्र कमी ऑक्सिजनमध्येही निभावते. म्हणून पाटी भरलेली दिसते. पाटी भरली म्हणजे नदी निरोगी, असं नाही.

एकट्या कारखान्यांना झोडपून मोकळं व्हायचं नाही. धरणाने वाहती नदी तळ्यासारखी केली, वाहत्या पाण्यातले मासे तिथेच हरले. चिलापी बाहेरून आणलेली. बारीक जाळ्यांनी पिल्लं उपसली ती आपल्याच माणसांनी. शहरांचा मैला तर आहेच. पण यातलं कशाने किती नुकसान झालं, हे विचारायचं म्हटलं तर आधी मोजावं लागेल.

मोजलं नाही, की काय होतं ते जपानने दाखवलंय. मिनामाटाच्या किनाऱ्यावर चिस्सो कंपनी पारायुक्त सांडपाणी समुद्रात सोडत होती. आधी मासे तरंगले, मग ते खाणारी मांजरं झटके येऊन मेली, मग कोळ्यांची पोरं आजारी पडली. 1956 ला आजाराची अधिकृत नोंद झाली. 1959 ला कंपनीच्याच डॉक्टरने मांजराला ते सांडपाणी घालून प्रयोग केला, मांजर आजारी पडलं, निकाल दाबला गेला. सरकारने कारण मान्य केलं 1968 ला. बारा वर्षं! आणि तोवर लोक तेच मासे खात होते.

उजनीत मिनामाटा झालंय असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. मी एवढंच म्हणतोय, की सगळ्यात आधी मासा सांगतो आणि सगळ्यात शेवटी सरकार ऐकतं. आपल्याकडेही तारापूरच्या प्रदूषणावर 2016 साली हरित लवादात गेली ती अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, म्हणजे मासेमारांचीच संघटना. 2022 ला लवादाने कारखान्यांवर भरपाई बसवली. किनाऱ्यावरचा कोळी एवढं करू शकतो, तर बॅकवॉटरचा भोई का नाही?

मागणी फार मोठी नाही. उजनीतल्या माशांची आणि गाळाची दरवर्षी तपासणी व्हावी, आणि निकाल मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. सोलापूर शहर हेच पाणी पितं, त्यामुळे हा प्रश्न फक्त मासे खाणाऱ्यांचा नाही.

आणि एक काम आपल्याला आजच करता येईल. घरात कुणी म्हातारं माणूस असेल, ज्याने धरणाआधीची भीमा पाहिलीय, तर त्यांना माशांची नावं विचारा आणि लिहून ठेवा. सायक्सने जी यादी परक्या माणसासारखी केली, ती आपण घरच्यासारखी पुरी करू.

मामांकडून चिलापी घेतलीच मी. त्यांचंही पोट त्यावरच आहे.