दोन भरत्या : सावित्रीची आणि प्राध्यापकांची

आजचा विषय किनारपट्टीचं पर्यावरण आणि ते महाविद्यालयात शिकवणारा प्राध्यापक. आता कुणी विचारेल, महाड-पोलादपूरचा किनाऱ्याशी संबंध काय? समुद्र श्रीवर्धनला, नाहीतर बाणकोटला. पोलादपुरात समोर दिसतो तो सह्याद्री. म्हणून आधी हा संबंध इतिहासातून पाहू. ‘भरती’ हा शब्द आज आपण दोन्ही अर्थांनी वापरणार आहोत, खाडीची भरती आणि पदांची भरती. इथे या दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते, दासगाव-आंबेतकडून बाणकोटला समुद्राला मिळते. भरतीचं पाणी खाडीतून थेट महाडच्या परिसरापर्यंत चढतं, आणि म्हणूनच महाड हे बंदर होतं. १७५६ मध्ये इंग्रजांनी बाणकोट घेतलं ते या खाडीच्या तोंडावर बसण्यासाठीच. पुढे मुंबईचे साहेबलोक महाबळेश्वरला जायचे तेही याच वाटेने, समुद्रातून बाणकोट, खाडीने दासगाव-महाड, मग पोलादपूरवरून घाट. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये महाडची ओळख व्यापारी पेठ अशी आहे. नंतर रस्ते आले, खाडी गाळाने भरत गेली, गलबतं गेली. बंदर गेलं तसं, आपण किनाऱ्यावरचे लोक आहोत, हेही महाड विसरलं.

कायदा मात्र विसरला नाही. १९ फेब्रुवारी १९९१ च्या सीआरझेड अधिसूचनेने समुद्राबरोबर भरती-ओहोटीच्या खाड्याही किनाऱ्यात धरल्या. २०११ च्या अधिसूचनेने मोजमाप सांगितलं : वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्यात हजारात पाच भाग क्षार असेल तिथपर्यंत किनारा. म्हणजे किनारा कुठे संपतो हे वाळू बघून नाही, पाणी तपासून ठरतं. आणि ते तपासायला कुणीतरी शिकलेलं माणूस लागतं.

आता संकटांचा हिशेब बघा. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या नदीत गेल्या. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. महाड पाण्याखाली गेलं, तळियेत दरडीखाली ऐंशीहून जास्त माणसं गेली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी आल्या. घाटातून पाण्याचा लोंढा उतरतो, खालून भरती चढत असेल तर तो तुंबतो, मध्ये गाळाचे जुटे असतात. औद्योगिक वसाहतीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी जातं तेही याच खाडीत. डोंगर आणि समुद्र इथे एकाच धड्यात शिकवावे लागतात.

मग हा धडा कोण शिकवतं? पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता प्रकरणात २२ नोव्हेंबर १९९१ ला सांगितलं. अंमलबजावणीला २००३ चा दुसरा आदेश लागला. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सर्व पदवी शाखांना आला : आठ घटक, ५० तास, त्यांतले ५ तास प्रत्यक्ष भेटीचे. त्यात खाडीची परिसंस्था आहे, पूर, वादळ आणि दरडी आहेत, स्थानिक नदी आणि स्थानिक प्रदूषित जागा बघायला जा, असंही आहे. जणू महाडसाठीच लिहिलेला!

पण अभ्यासक्रम आला, पद आलं नाही. साधं गणित करू. पंधरा आठवड्यांत ४५ तास वर्गात, म्हणजे एका तुकडीला आठवड्याला तीन तास. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास शिकवायचं. म्हणजे एका पूर्ण पदासाठी पाच तुकड्या लागतात. तालुक्याच्या महाविद्यालयात त्या कुठून आणायच्या? तेव्हा बहुतेक ठिकाणी हे तास भूगोलाच्या शिक्षकाकडे गेले, नाहीतर ज्याचे तास कमी पडतात त्याच्याकडे. भूगोलवाल्यांनी ते निष्ठेने सांभाळले, हे मान्यच. पण खाडीतली जीवसृष्टी आणि पाण्याचं रसायन हा वेगळा अभ्यास आहे.

शिकलेली माणसं नाहीत, असंही नाही. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान शिकवतात, रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. माणसं तयार होतात, पण पदवी महाविद्यालयाच्या दारात त्यांच्या नावाची खुर्चीच नसते. राज्यात २०१८ मध्ये सहायक प्राध्यापकांच्या ३५८० पदांना मान्यता मिळाली. मे २०२० मध्ये भरती थांबली तोवर १४९२ भरली गेली होती, उरलेल्या २०८८ ना २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या काळात वर्ग चालले तासिका तत्त्वावर. तो शिक्षक येतो सत्रापुरता आणि पुढच्या वर्षी असेलच असं नाही.

आम्हाला खरं नुकसान इथे दिसतं. दरवर्षी मुलं नदीवर जातात, प्रकल्प लिहितात, २५ गुण मिळवतात आणि वह्या रद्दीत जातात. एकच शिक्षक दहा वर्षं टिकला असता तर खारटपणा कुठवर चढतो, जुटे कुठे वाढले, मासे कधी कमी झाले, याची दहा वर्षांची नोंद महाडच्या हातात असती. २०२१ नंतर नदीतला गाळ किती काढायचा यावर वाद झाले, तेव्हा ती नोंद कामाला आली असती.

मग करायचं काय? आमच्या मते एक पद दोन-तीन महाविद्यालयांत वाटावं : पोलादपूर, महाड आणि खाडीच्या तोंडाकडचं एखादं. तुकड्यांचं गणित तिथेच सुटतं, आणि शिक्षकाला नदी उगमापासून मुखापर्यंत मिळते. पाणी तपासायला लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचा रसायन विभाग जवळच आहे. २०२२ पासून आयोगाने ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची वाट उघडली आहे. पंधरा वर्षांचा जाणता अनुभव असेल तर पदवीची अट नाही. खाडीत हयात घालवलेल्या कोळ्याला या चौकटीत बसवता येईल का, हे विद्यापीठाने बघावं. कायम शिक्षकाच्या जागी नव्हे हं, त्याच्या जोडीला.

महाडला पाण्याचं महत्त्व आपण सांगायची गरज नाही. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर, पाणी कुणाचं, हा प्रश्न याच गावात विचारला गेला. १९६१ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे बाबासाहेबांच्या नावाचं महाविद्यालय काढलं. पाण्यावरचा हक्क आणि पाण्याचं ज्ञान, दोन्हींचा वारसा या गावाला आहे. खाडीची भरती रोज दोनदा न चुकता येते. दुसऱ्या भरतीसाठी मात्र अर्ज, ठराव आणि पाठपुरावा लागतो. तो विद्यार्थ्यांनी, पालकांनी आणि संस्थाचालकांनी करावा, एवढंच आजचं सांगणं.