सनद मिळाली, ब्रीफचे काय?

१९२३च्या कायद्याने भारतात स्त्रियांना वकिलीचे दार उघडले हे खरे. पण मोठ्या हायकोर्टांतली वकिली तेव्हा चाले सॉलिसिटरने पाठवलेल्या ब्रीफवर, म्हणजे खटल्याच्या कामावर, आणि ते कोणताही कायदा मिळवून देत नाही. नाशिकला जन्मलेल्या, डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची बीसीएल परीक्षा दिली. पदवी हाती पडली ती १९२२ मध्ये. मधल्या काळात, १९०४ पासून, त्या बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्स या सरकारी खात्यासाठी पडदानशीन स्त्रियांच्या इस्टेटींचे तंटे हाताळत होत्या. काम कायद्याचेच, पण त्याला वकिली कोण म्हणणार? मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या महिला बॅरिस्टर मिठन लाम यांना पहिले ब्रीफ मिळाले तेही विरोधी पक्षकाराला बाईकडून हरल्याची नामुष्की यावी म्हणून. (संधी अशीही येते.)

यावर कोणी म्हणेल, शिकलेल्या स्त्रियाच मोजक्या होत्या, वेळ लागणारच. संख्येचा मुद्दा रास्त आहे, पण अपुरा. त्रावणकोरात १९३७ मध्ये मुन्सिफ, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीश, झालेल्या अ‍ॅना चांडी १९५९ मध्ये न्यायाधीश म्हणून केरळ हायकोर्टात पोचल्या. मुंबई हायकोर्टात पहिल्या महिला न्यायाधीश सुजाता मनोहर येण्यासाठी १९७८ उजाडावे लागले. न्यायखात्याच्या नोकरीत बढतीची पायरी तरी ठरलेली असते. मनोहर आल्या तसे बारमधून, म्हणजे वकिलीतून, वर जायचे तर आधी कामे हवीत, चेंबर हवे, ओळखी हव्यात. मनोहर यांच्या कर्तृत्वाविषयी शंका नाही, पण त्यांचे वडील गुजरातचे मुख्य न्यायाधीश होते, हेही नोंदवायला हवे.