निर्मनुष्य बेटांची माणसे

टोकियो महानगराच्या हद्दीत एक गाव असे आहे, की तेथे जाण्यास टोकियोहूनच आगबोटीने पुरे चोवीस तास लागतात. गाव टोकियोचे, मोटारींवरच्या पाट्या टोकियोतल्या शिनागावा विभागाच्या, मत द्यायचे ते टोकियोच्या गव्हर्नरसाठी; आणि मधले अंतर मात्र सुमारे १००० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून बंगळूर गाठावे इतके! विमानतळ नाही. बोट एरवी आठवड्यातून एकदा जाते, तीन रात्री बंदरात मुक्काम करते आणि मग परत फिरते. म्हणजे 'जरा जाऊन येतो' म्हणणाऱ्याला सहा दिवसांची शिदोरी बांधावी लागते. या गावाचे नाव ओगासावारा. जुन्या इंग्रजी नकाशांत हीच 'बोनिन' बेटे म्हणून दाखवलेली असतात. अक्षांश पाहावा तर आपल्या जयपूरचा. पण भोवती वाळवंटाऐवजी प्रशांत महासागर.

या बेटांच्या नावांची मौज दिवाळीला जमलेल्या आपल्या घरच्या मंडळींना सांगण्याजोगी आहे. मोठ्या बेटाचे नाव चिचिजिमा, म्हणजे बापाचे बेट. त्याच्या दक्षिणेला ५० किलोमीटरवर हाहाजिमा, आईचे बेट. आसपास थोरला भाऊ, धाकटा भाऊ, थोरली बहीण, धाकटी बहीण, झालेच तर पुतणी. उत्तरेकडे नवरा आणि नवरी. आणि लग्न काय आपोआप जुळते? म्हणून तेथेच मध्यस्थाच्या नावाचेही एक बेट आहे. असे हे गोकुळ. पण नवल असे, की या भरल्या घराचे मूळ नाव 'बुनिन' होते. बुनिन म्हणजे निर्मनुष्य. त्याचाच अपभ्रंश बोनिन.

टोकियोत नोकरीला असलेला माझा एक भाचा आहे. त्याच्या आग्रहावरून मी ही सफर केली. ताकेशिबा धक्क्यावरून सकाळी अकराला 'ओगासावारा मारू' सुटली. आमचे तिकीट स्वस्तातले. एका प्रशस्त दालनात ओळीने गाद्या, डोक्याशी सामान आणि शेजारी अनोळखी माणसे. मुंबईहून रत्नागिरी-पणजीकडे जाणाऱ्या कोकणबोटी आता इतिहासजमा झाल्या. परंतु त्या डेकवर सतरंजी पसरून ज्यांनी रात्री काढल्या आहेत, त्यांना या दालनात परके वाटणार नाही. जपानी लोक 'काळा प्रवाह' म्हणतात तो कुरोशिओ लागला तेव्हा बोट अशी काही डोलू लागली, की शेजारच्या आजीबाईंनी मला न विचारताच आल्याची वडी दिली. दुसऱ्या दिवशी पाणी शाईसारखे निळे झाले, तपकिरी समुद्रपक्षी बोटीबरोबर उडू लागले आणि अकराच्या ठोक्याला चिचिजिमाचे फुतामी बंदर आले.

"मामा, पासपोर्ट काढू नका. आपण टोकियोतच आहोत," भाचा म्हणाला.

पण या बेटांचा इतिहास म्हणजे माणसांना पुनःपुन्हा 'तुम्ही कोण?' असे विचारल्याचा इतिहास आहे. १६७० साली संत्री भरून निघालेले एक जपानी गलबत वादळात भरकटून हाहाजिमाला लागले. तांडेल तेथेच वारला. उरलेल्या खलाशांनी लाकूड गोळा करून होडी बांधली आणि मायदेश गाठला. त्यांची हकीकत ऐकून शोगुनच्या सरकारने १६७५ मध्ये शिमाया इचिझाएमोन याला पाहणीसाठी पाठविले. त्याने नकाशे केले, बेटांवर जपानचा हक्क सांगितला आणि तो परतला. वस्ती कोणी केली नाही. १५९३ मध्ये ओगासावारा सादायोरी नावाच्या एका सरदाराने बेटे शोधली अशी एक आख्यायिका आहे. त्याचा वंशज म्हणविणाऱ्या एकाने अठराव्या शतकात बेटांवर मालकी सांगितली, तेव्हा सरकारने दावा खोटा ठरवून त्याला शिक्षा केली. दावा बुडाला, नाव मात्र तरले!

१८२७ साली 'ब्लॉसम' जहाजाचा कप्तान बीची येथे आला. त्याने तांब्याचा पत्रा झाडावर ठोकून बेटे इंग्लंडच्या राजाची म्हणून जाहीर केली. त्या वेळीही बेट अगदी निर्मनुष्य नव्हते. देवमाशांची शिकार करणाऱ्या एका फुटलेल्या जहाजाचे दोन खलाशी तेथे राहत होते. खरी वसाहत झाली ती १८३० मध्ये. हवाईहून पाच गोरे पुरुष आणि त्यांच्याबरोबर हवाई व आसपासच्या बेटांवरचे वीसेक स्त्री-पुरुष येथे उतरले. पाच जणांत मॅसॅच्युसेट्सचा नॅथॅनिएल सेव्हरी होता, इटलीकडचा एक, एक इंग्रज, एक डेन्मार्कचा. निशाण इंग्रजांचे, म्होरके निरनिराळ्या देशांचे आणि संसार उभा करणाऱ्या बायका पॅसिफिक बेटांवरच्या! ही मंडळी रताळी, भाज्या, डुकरे आणि कासवे देवमासेवाल्या जहाजांना विकून पोट भरीत.

१८५३ मध्ये जपानचे दार ठोठावायला निघालेला अमेरिकन कमोडोर पेरी वाटेत येथे थांबला. त्याने मोजली तेव्हा बंदरावरची वस्ती अवघी ३१ होती. त्याने कोळशाच्या वखारीसाठी सेव्हरीकडून जमीन घेतली. पुढे वसाहतीने आपली एक छोटी घटना केली आणि सेव्हरीला प्रमुख नेमले. ३१ माणसांची घटना! आपल्याकडे एखाद्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळात याहून जास्त सभासद असतात.

१८६२ च्या आरंभी जपानी अधिकारी 'कान्रिन मारू'तून येऊन दाखल झाले. दुभाषा होता जॉन मांजिरो. लहानपणी समुद्रात हरवलेल्या या कोळ्याच्या पोराला अमेरिकन जहाजाने वाचविले होते आणि तो मॅसॅच्युसेट्समध्येच शिकला होता. म्हणजे म्हातारा सेव्हरी आणि जपानी सरकार यांच्यामध्ये उभा राहिलेला माणूस सेव्हरीच्याच मुलखाचे पाणी प्यालेला. जपानने वसाहतवाले आणले. पण पुढच्याच वर्षी, परकीयांशी युद्धाचा प्रसंग येतो असे दिसताच, ते परत नेले. अखेर १८७६ मध्ये जपानने बेटांवरची सत्ता जगाला कळविली. सेव्हरी १८७४ मध्येच वारला होता. १८८२ पर्यंत मूळ वसाहतीतले सर्वजण जपानी प्रजाजन झाले. त्यांना 'किकाजिन' म्हणत, म्हणजे 'नागरिकत्व घेतलेले'. येथेच जन्मलेल्या माणसांना हे नाव! आणि निर्मनुष्य बेटांवर त्यांच्या आधी जन्मलेले कोण होते?

यानंतर हाचिजो बेटावरून जपानी शेतकरी आले, ऊस आला, हिवाळी भाजीपाला टोकियोस जाऊ लागला. मग महायुद्ध आले. १९४४ मध्ये ६,८८६ रहिवाशांना बोटींत घालून मुख्य भूमीवर नेले आणि ८२५ पुरुषांना लष्कराच्या कामासाठी ठेवून घेतले. सेव्हरीच्या वंशजांना तेव्हा परकी नावे टाकून जपानी नावे घ्यावी लागली. सेव्हरीचे 'सेबोरी' झाले. तरीही मुख्य भूमीवर त्यांच्या चेहऱ्यांकडे लोक संशयाने पाहत.

युद्ध संपले आणि बेटे अमेरिकन आरमाराच्या हाती गेली. १९४६ मध्ये आरमाराने परतीची परवानगी दिली, पण कोणाला? पाश्चात्त्य वंशाच्या घराण्यांना, सुमारे १३० जणांना. काल ज्या चेहऱ्याने दार लागले, आज त्याच चेहऱ्याने उघडले. बाकीच्या सहा-सात हजारांना नकार. पुढे खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून असे दिसते, की शीतयुद्धाच्या काळात चिचिजिमावर अण्वस्त्रेही ठेवली होती. मग जास्त माणसे तेथे कशाला हवी असणार? मुले आरमाराच्या शाळेत इंग्रजीत शिकली, पुढच्या शिक्षणाला ग्वामला गेली. २६ जून १९६८ रोजी बेटे जपानला परत मिळाली, आणि त्याच मुलांपुढे जपानी पुस्तके आली. काही अमेरिकेला निघून गेली, काही राहिली. या घराण्यांतल्या जुन्या माणसांची भाषा इंग्रजी आणि जपानी यांची मोठी गोड खिचडी होती. स्वतःला ते इंग्रजीतल्या शब्दाने 'मी' म्हणत. भाच्याने हे सांगताच मला हसू आले. हे तर मराठीच झाले!

आम्ही उतरलो होतो त्या खाणावळीच्या मालकीणबाई हाहाजिमाच्या. त्यांचे वडील १९४४ मध्ये आईचे बोट धरून बोटीत चढले आणि बेटे परत मिळाल्यावर संसार घेऊन परतले. रात्री मोहरी लावलेली माशाची सुशी वाढताना त्या बोलू लागल्या. भाचा मराठीत सांगत होता.

"मामा, त्या म्हणतात, मुख्य भूमीवर त्यांच्या वडिलांना 'बेटावरचा' म्हणून चिडवीत. इकडे आल्यावर जे आरमाराच्या काळात येथे राहिले होते, त्यांना हे 'बाहेरून आलेले' वाटत."

"आणि शेत?" मी विचारले.

दुसऱ्या दिवशी हाहाजिमाच्या बोटीने जाऊन ते शेत आम्ही पाहिले. पंचवीस वर्षे नांगर न लागलेल्या जमिनीवर रान माजले होते, त्यातला एक कोपरा त्यांच्या वडिलांनी हाताने मोकळा केला. बाकीचे अजून तसेच आहे. पाने चुरगळून पाहिली. ओळखीची वाटली. ती सुबाभूळ होती! आपल्याकडे चाऱ्या-सरपणासाठी जी मुद्दाम लावली, तीच येथे परागंदा माणसांच्या शेतांवर चढून बसली आहे.

त्या रानात उभा असता मला माझे आजोळ आठवले. ते धरणाच्या पाण्याखाली गेले. कडक उन्हाळ्यात पाणी ओसरले की देवळाचा चौथरा वर येतो आणि गावची म्हातारी माणसे नारळ घेऊन जातात. धरणाने शेते भिजली, गावे उजळली, हे मी नाकारीत नाही. पण 'गाव कोणते?' असे कोणी विचारले की आई क्षणभर थांबत असे. ते थांबणे काय असते हे खाणावळवाल्या बाईंना समजावून सांगावे लागले नाही.

आज या बेटांवर सुमारे अडीच हजार माणसे राहतात. २०११ मध्ये युनेस्कोने बेटांना जागतिक नैसर्गिक वारशाचा मान दिला, तो येथल्या दुर्मिळ वनस्पती, गोगलगाई आणि पाखरांसाठी. बोटीतून उतरणाऱ्याला बुटांचे तळवे पुसायला लावतात, परके बी किंवा जंतू येऊ नये म्हणून. ही काळजी रास्तच आहे. परंतु सेव्हरीच्या कुळातल्या थडग्यांवर इंग्रजी आणि जपानी अक्षरे शेजारी शेजारी पाहिली, तेव्हा वाटले, की झाडापाखरांत देशी कोण आणि परके कोण हे शास्त्रज्ञ ठरवू शकतात. माणसांत ते ठरवू गेले की काय होते, याचे हे बेट म्हणजे दप्तर आहे.

परतीच्या दिवशी धक्क्यावर ढोल वाजत होते. बोट सुटली तशा दहा-बारा होड्या आमच्या मागे धावू लागल्या. होडीतली पोरे समुद्रात उड्या घेत होती आणि ओरडत होती, "इत्तेरास्शाई!" निरोपाचा शब्द ते वापरीत नाहीत. याचा अर्थ, 'जाऊन या.' आपल्याकडेही उंबरा ओलांडताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात.

होड्या मागे पडल्यावर मी दक्षिणेकडे पाहिले. तिकडे, नजरेच्या पलीकडे, इवो जिमा आहे. १९४५ च्या लढाईत जपानचे सुमारे वीस हजार आणि अमेरिकेचे जवळजवळ सात हजार सैनिक तेथे पडले, म्हणून ते नाव जगाला ठाऊक आहे. त्याआधी तेथे हजाराच्या वर साधी माणसे राहत होती, शाळा होती, उसाची शेते होती, हे फारसे कोणाला ठाऊक नाही. १९६८ नंतर चिचिजिमा आणि हाहाजिमाची माणसे परतली; इवो जिमाच्या माणसांना राहण्याची परवानगी आजतागायत मिळालेली नाही. तेथे आता लष्कराचा तळ आहे. म्हातारी माणसे आणि त्यांची मुले-नातवंडे पूर्वजांच्या स्मरणासाठी, परवानगी काढून, ठरावीक वेळापुरती जाऊन येतात. गावाच्या कागदोपत्री ते बेट याच ओगासावारात मोडते. तेथे त्यांना पासपोर्टही लागत नाही. फक्त राहता येत नाही.