कापसाचा इतिहास आणि मागावरचे हात

खामगावच्या कापूसबाजाराचा इतिहास सांगताना तीन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. १८७० साली जलंब-खामगाव हा आठ मैलांचा रेल्वेफाटा सुरू झाला. त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आला. तिन्ही गोष्टी खऱ्या. पण या इतिहासात मागावर बसणारा माणूस कुठे आहे?

हा प्रश्न घेऊन मी खामगावातल्या एका बंद पडलेल्या जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात हिंडलो. छप्पर गेलेले, भिंतींतून पिंपळ फुटलेले, यंत्रांच्या जागी नुसते खड्डे. इथे सरकी वेगळी होई, रुई दाबून गठाणी बांधल्या जात आणि गठाणी रेल्वेने मुंबईकडे जात. कापड मात्र या आवारात एक वीतही विणले गेले नाही.

कापड विणले जाई ते गावात. कोष्टी-साळ्यांबरोबर आमचे महारही माग चालवीत. जाडेभरडे कापड हा त्यांचा धंदा. गावकीच्या राबणुकीत आणि शिळ्या तुकड्यांत हीच काय ती स्वतःच्या कसबाची मिळकत होती.

कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नॅक याने सरकारचा हेतू लपवला नाही. रेल्वेने विलायती कापड स्वस्तात आत यावे, देशी कापड मागे पडावे, कापूस अधिक बाहेर जावा आणि सूतकताई-विणकामातली माणसे शेतमजुरीला मिळावीत, अशी आशा त्याने अहवालात उघड मांडली. झालेही तसेच. माग बसला. विणणारा मजूर झाला. कुणी शेतात, कुणी जिनात, कुणी दूरच्या गिरणीत.

आणि गिरणीत काय झाले? मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्याचे दार बंद होते. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून आमच्या स्पर्शाचा विटाळ. त्या खात्यात पगार जास्त होता, हेही विसरू नये. हा विटाळ धरणारे सोबतचे सवर्ण कामगारच होते. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला, तेव्हा कामगार-एकजुटीच्या घोषणेमागची जात उघडी पडली.

ज्या जातीने वऱ्हाडात गावाचे अंग झाकले, तिलाच सुताला हात लावण्याची बंदी! महाराचा माग मोडला तो साम्राज्याच्या व्यापाराने. त्याला पुन्हा मागावर बसू दिले नाही ते मात्र आपल्याच देशातल्या माणसांनी. कापसाचा इतिहास लिहिणाऱ्याने हे दोन्ही हिशेब एकाच वहीत मांडले पाहिजेत. एकच मांडून दुसरा झाकणारा इतिहास आम्हांला मान्य नाही.